दुरपीचा पाट

कांदळखारच्या लग्नात पहिली हळद नवरीला लागत नाही. मांडवात दोन पाट मांडतात. एकावर नवरी बसते, दुसरा रिकामा असतो. बायका हळदीची वाटी घेऊन आधी त्या रिकाम्या पाटापाशी वाकतात, पाच बोटं त्यावर ओढतात आणि मगच नवरीकडे वळतात. तो पाट कोणत्या लाकडाचा आहे हे आता सांगता येत नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांची हळद थरावर थर चढून त्याच्या कडाही बोथट झाल्या आहेत. तो कधी धुवायचा नाही, असा दंडक आहे.

बाहेरगावचे पाहुणे विचारतातच. मग त्यांना गावदेवीच्या पारावर हसुराम नानांकडे पाठवतात. नाना घसा साफ करतात, खाडीकडे बघतात आणि सांगू लागतात. सुरुवात ठरलेली: "आमच्या गावाच्या गान्यासाठी एका पोरीनं आपलं लगीन देवीला वाहिलं."

असं सांगतात. सांगणारे सगळे पुरुषच आहेत, हेही पाहुण्यांनी लक्षात ठेवावं.

तेव्हा गावात वीज येऊन चारच वर्षं झाली होती. खाडीकाठच्या दहा गावांत गोमीबाय धवलारणीचं नाव होतं. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव, हळद, न्हाणं, वरात, पाठवणी, या प्रत्येकाचं गाणं तिच्या तोंडी असतं, आणि ती गाते तेव्हाच ते लग्न लागतं. या गाण्यांना धवला म्हणतात. गोमीबाय धवल्याचे नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. समोर पाटावर हळदीची नवरी असल्याशिवाय धवला गायचा नाही. नवरीचं नाव त्यात घ्यायचंच. सुरू केला की अर्धा टाकायचा नाही. आणि एका मुलीवर तो एकदाच गायचा.

दुरपी ही तिची मुलगी. एकोणीस वर्षांची. खाडीपलीकडच्या पैलपाड्यातल्या कमळाकरशी तिचा साखरपुडा झाला होता आणि वैशाखात लग्न होतं. कमळाकर मिठागरावर कामाला होता, पण त्याचा जीव लाउडस्पीकरात अडकलेला. त्याने निरोप पाठवला होता, "मांडवात असा स्पीकर लावीन का तुज्या आयेचा आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठाला जाईल." हा निरोप दुरपीने आठ दिवस मनातल्या मनात घोळवला होता.

त्या भादव्यात कॅसेटवाला शेठ जीपमधून आला. त्याला अख्ख्या लग्नाची गाणी एका कॅसेटवर हवी होती. पहिल्या बाजूवर मांडव आणि हळद, दुसऱ्या बाजूवर न्हाण्यापासून पाठवणीपर्यंत. नाव ठरवूनच आला होता: 'कांदळखारची हळद'. गावाचं नाव छापून येणार म्हटल्यावर पंचांच्या माना ताठ झाल्या. गोमीबाय मात्र उठून उभी राहिली. "नवरी नाय, मांडव नाय, आनि धवला कुनावर गाऊ? भिंतीवर?"

पंच बसले. नाना सांगतात, "पंचांपैकी कोनाच्या तरी मुखातून देवीच बोलली." दुरपी ओटीवर उभी होती. देवी बोललेली तिने ऐकली नाही. बोलले होते हसुराम, पंचांतले सगळ्यात तरुण. "तुजीच पोर बसव ना गो पाटावर. लगीन ठरलेलंच हाय. आठ महिने आधी हलद लागली तर काय बिगडतं? गानंच तर हाय!"

पाटावर नवरी असणार म्हटल्यावर गोमीबाय तयार झाली. दुरपीला कोणी विचारलं नाही. तिच्या आईनेही नाही.

शाळेच्या खोलीत गोधड्या टांगून खिडक्या बंद केल्या. आसपासच्या कोंबड्या टोपल्यांखाली झाकल्या. दुरपीला पिवळं लुगडं नेसवून पाटावर बसवलं. समोर शेठचं यंत्र, त्यावर एक लाल दिवा. हळदीचं गाणं नऊ वेळा झालं. कधी टोपलीखालचा कोंबडा आरवला, कधी लाँचचा भोंगा वाजला, एकदा दुरपीलाच शिंक आली. शेठ हात वर करायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." गोमीबाय जुन्या हळदीवर गायला तयार नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी हळद पुसायची, नवी लावायची. गालांची आग व्हायला लागली होती.

वाटी धरणारी बारकीकाकी थट्टेखोर. "काय गो दुरपे, नवरा कुठं हाय तुजा?"

"मना काय माहीत."

"तो बघ, त्या डब्यात बसलाय. लाल डोला करून बघतोय तुला!"

खोलीभर हसू फुटलं. शेठने हात वर केला. "पुन्हा."

शेठने गोमीबायला सांगितलं की गाण्यात नवऱ्याचं नाव नको, कॅसेट सगळ्यांच्या लग्नात वाजायची आहे. नवरीचं नाव मात्र राहू दे, कानाला गोड लागतं. म्हणून कमळाकरचं नाव गाळलं गेलं आणि दुरपीचं राहिलं. "दुरपीला हलद लागली गो, मांडवाच्या दारी."

शेवटची पाठवणी. शेठला पावलांचा आणि पैंजणांचा खरा आवाज हवा होता, म्हणून दुरपीला उठून, चालत जाऊन, उंबरा ओलांडायला सांगितलं. गोमीबायचा आवाज त्या कडव्यावर फुटला. शेठने या वेळी हात वर केला नाही. त्या क्षणी खाडीची भरती थबकली म्हणे, आणि कांदळवनातले बगळे एकदम उडाले. दुरपीला भरतीचं काही ठाऊक नाही. तिला दिवसभर समोर टांगलेला पाढ्यांचा तक्ता आठवतो. एकोणतीसचा पाढा तिचा त्या दिवशी पाठ झाला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तर समोर शेठची जीप उभी होती. दुसरं कोणी नव्हतं.

दिवाळीपर्यंत कॅसेट खाडीकाठी घराघरांत पोचली. वेष्टनावर शहरातली कुणीतरी मुलगी नथ घालून हसत होती. गावाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, गोमीबायचं बारीक.

पैलपाड्यातही ती वाजली. पंधरा दिवसांनी कमळाकरचे वडील आले. ओटीवर बसले, पाणी घेतलं नाही. "पोर चांगली हाय. पन तिच्या नावानं धवला पुरा जाला, पाठवनीपरत जाला. नवऱ्याचं नावच नाय त्यात. मंग कोनाची बायको घरात घेवाची आमी?"

पंच पुन्हा बसले. त्यांनीच तिला पाटावर बसवलं होतं, आता त्यांनीच नियम काढला: एका पोरीवर धवला एकदाच. आपण काय बोललो होतो, ते हसुरामांना आठवेना. गावातली पोरं दुरपीला 'डब्याची बायको' म्हणू लागली. बारकीकाकीची थट्टा होती ती. त्या थट्टेचा आता निवाडा झाला होता.

एकच माणूस हे मोडू शकत होतं. धवला कधी लागला आणि कधी नाही, हे धवलारीण सांगेल तेच खरं. दुपारी गोमीबाय तांदूळ निवडत होती. दुरपी तिच्यासमोर जाऊन बसली.

"आये, एकदाच सांग त्यांना. नुसतं गानं व्हतं म्हन."

गोमीबायचे हात थांबले. "नुसतं गानं?"

"हां. शेठनं गाववलं, तू गायलीस. एवढंच म्हन."

"मंग आजवर इतकी लग्ना मी लावली, ती काय व्हती गो? त्या बायांना काय सांगू? तुमची पन नुसती गानीच व्हती?"

"आनि माजं काय?"

गोमीबायने सुपातला एक खडा उचलून दूर टाकला आणि पुन्हा निवडायला लागली. तिने धवला राखला. मुलगी राखली नाही. नाना इथे डोळे पुसतात आणि म्हणतात, "असा त्याग आता कोन करनार?" कोणी केला आणि कोणाचा केला, हे पाहुण्यांनी विचारलं की त्यांना खोकला येतो.

वैशाखात कमळाकरचं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी. त्याने बोलल्याप्रमाणे मोठा स्पीकर लावला. संध्याकाळी पाणी स्थिर होतं आणि गोमीबायचा आवाज खाडीच्या त्या काठावरून या काठाला आला. दुरपीला हलद लागली गो, मांडवाच्या दारी. दुरपी बांधावर उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

पुढच्याच आठवड्यात हसुरामांच्या धाकट्या बहिणीची हळद होती. मांडवात कॅसेटच लावली होती. कॅसेट असताना धवलारीण कशाला? गोमीबायला मानाने पुढे बसवलं होतं, मांडीवर नवं लुगडं, हात रिकामे. ज्याच्यासाठी मुलगी दिली तो धवलाही तिच्या हाती राहिला नव्हता.

दुरपी शाळेतला तो पाट काखोटीला मारून आली. नवरीच्या शेजारी तो मांडला आणि त्यावर बसली.

"नाव माजं घेताय," ती म्हणाली. "हलद तिला लावताय. आधी मना लावा."

एकटी बारकीकाकी वाटी घेऊन एक पाऊल पुढे आली. "येडी का तू!" हसुराम ओरडले. बारकीकाकी थांबली. आणि तेवढ्यात यंत्राने फीत खाल्ली. गाणं घोगरं होत होत बंद पडलं. तीनदा कॅसेट बदलून लावली, तीनदा आतड्यासारखी फीत बाहेर आली. गावदेवी कोपली, असं सांगतात. काही बायका आपसांत म्हणतात की तिसऱ्या वेळी बारकीकाकीचा हात यंत्रापाशी दिसला होता. काही असो, त्यानंतर एकही बाई नवरीला हळद लावायला तयार होईना.

पंच मांडवाच्या मागे जाऊन कुजबुजले आणि निवाडा घेऊन आले. यापुढे प्रत्येक लग्नात पहिली हळद दुरपीच्या पाटाला.

"आनि मी?" दुरपीने विचारलं.

"पाट राहू दे," हसुराम म्हणाले. "तू ऊठ."

दुरपीने आईकडे पाहिलं. सगळा मांडव पाहत होता. गोमीबाय मांडीवरच्या लुगड्याची घडी नीट करत म्हणाली, "ऊठ गो. मुहूर्त टलतोय."

ती उठली. बायकांनी पाटाला हळद लावली.

नाना म्हणतात, त्यानंतर ती पोर कोणाला दिसली नाही. चिखल तुडवत कांदळवनात गेली आणि देवीत विलीन झाली. इथे पाहुणे खाडीकडे तोंड करून हात जोडतात. कोणी फोटो काढतं, नाना मागे टेकून चहा मागवतात.

आजही कांदळखारमध्ये पहिली हळद त्या रिकाम्या पाटालाच लागते. कॅसेट गेली, गाणं आता मोबाइलवरून स्पीकरला जोडतात, पण नाव तेच येतं. वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे हाकलत एक साठीची बाई ते आपल्या अंगणातून ऐकते. ती कांदळवनात गेली नव्हती, घरी गेली होती. ते घर पारापासून चौथं, मांडवापासून हाकेच्या अंतरावर आहे.

हाक अजून कोणी मारलेली नाही.