सात पिढ्यांचा रांजण

एका राज्यात सगळी माणसं निळीवर जगत. राजवाड्याच्या अंगणात सात पिढ्यांचा रांजण होता. त्यातला आंबलेला रंग तांब्याभर न्यावा, नव्या रांजणात ओतावा, की तोही रंग धरी. असे शंभर रांजण त्या एकाचे.

मग राज्याला शाप लागला. विकलेल्या कापडातून तिसऱ्या दिवशी निळा रंग उठे आणि पाखरांच्या थव्यासारखा उडून जाई. गिऱ्हाईक तुटलं. राजा मणिधर रांजणात आणखी नीळ ओती, आणखी गूळ, आणखी चुना. ढवळता ढवळता तो तिथेच गेला. हात कोपरापर्यंत निळे होते. चितेवरही निळेच राहिले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ सुकेत तलवार घेऊन निघाला. म्हातारा भिवा रंगारी आडवा आला.

"कुठं, धाकटे महाराज?"

"शाप देणाऱ्याला कापायला."

"कापा. पण रंग तलवारीनं ढवळत नाहीत."

वर आणि शाप देणारा त्या मुलखात एकच, डोंगरावरचा मांत्रिक. तो बसला होता, खांद्यावर बोलका निळा चास पक्षी. सुकेतनं तलवार उपसली. तिचा दोरा झाला आणि वाऱ्यावर हलू लागला.

"शाप मी दिला नाही," मांत्रिक म्हणाला. "तुझ्या पूर्वजानं वर मागितला, हा रांजण कधी रिकामा होऊ नये. मी दिला. तो कधी रिकामा झालाच नाही, म्हणून तळाशी सात पिढ्यांचा गाळ सडतो आहे. तोच तुमचा शाप."

"उपाय?"

"तीन कामं. ज्यांनी तुमचं कापड सोडलं, त्यांना कारण विचार. शंभरांत ज्यांचा रंग मेला, ते रांजण फोड. मग मोठा रांजण आपल्या हातानं रिकामा कर."

"आणि ऐकताना मध्ये तोंड घालू नकोस," चास म्हणाला. "तुला जमायचं नाही."

सुकेत सात गावं फिरला. एक विणकरीण म्हणाली, "तुमचा रंग दरसाल काळा होत गेला. आम्हाला आभाळाचा हवा होता. सांगायला आलो, तर दारवानानं हाकललं." तो जीभ चावून ऐकत राहिला.

परतून त्यानं एकेक रांजण हुंगला. चौऱ्याऐंशी मेले होते, ते फोडले. रंगारी रडले. उरलेल्या सोळांवर त्यानं सगळ्यांच्या पाळ्या लावल्या.

मोठ्या रांजणापाशी मात्र हात थांबला.

"भिवा, यात दादाचं शेवटचं ढवळणं आहे."

"त्यांनाही तसंच वाटे, महाराज. यात बापाचं ढवळणं आहे म्हणायचे. बापही तेच म्हणायचा."

सुकेतनं दादाला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मग गाळाच्या वरचा तांब्याभर जिवंत रंग त्यानं काढून घेतला आणि रांजण लोटून दिला. काळं पाणी अंगणभर झालं. तळातून सात राजांचे सात उसासे निघाले. शेवटचा त्यानं ओळखला.

तांब्याभर रंगातून नवा रांजण अकराव्या दिवशी फेसाळला. कापड आभाळासारखं निघालं आणि चौथ्या दिवशीही तसंच राहिलं. शाप सुटला, गिऱ्हाईक परतलं.

"याला थोरल्या महाराजांचं नाव देऊ," भिवा म्हणाला.

"नको. नाव दिलं, तर हा ओतून द्यायला कुणाचा हात उठणार नाही."

दर सातव्या वर्षी त्या राज्यात रांजण ओतून देतात. राजा स्वतः ओततो, आणि त्या दिवशी कुणाशी बोलत नाही.