साळुंकीच्या पोटातले बिऱ्हाडकरू

घाटाखालच्या एका रानात एक साळुंकी राहत असे. मोठी जिद्दी, पण जिभेची तितकीच लाडावलेली. एका हिवाळ्यात घाटरस्त्यावर धाबा सुरू झाला आणि बाईसाहेबांनी तिथेच मुक्काम ठोकला. बाकीच्या साळुंक्या ऋतू देईल ते खात होत्या. कधी किडे, कधी गवताचे बी, कधी रानफळे. ही मात्र सकाळ-संध्याकाळ पाव, भात आणि सांडलेल्या शेवेवर ताव मारत होती. उन्हाळ्यात धाब्याला कुलूप लागले, तेव्हा कुठे तिला रानाची आठवण झाली.

अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. तिने एक छानशी ढोली निवडली आणि लगडलेल्या उंबरावर बसून पोट फुटेस्तोवर फळे खाल्ली. पण मुलांनो, झाले भलतेच! पोट बिघडले. खाल्लेले अंगी लागेना. पिसे निस्तेज झाली, पंखांत त्राण उरले नाही. "अशा अंगाने मी अंडी कशी घालू? पिलांना कशी वाढवू?" तिला रडूच कोसळले.

तेवढ्यात कावळा आला. "अगं वेडे, पुढच्या वळणावर दुसरा धाबा आहे की! चल, चार दिवसांत टुणटुणीत होशील." साळुंकीने पंख उघडलेसुद्धा. तोच खालून म्हातारी टिटवी ओरडली, "आणि पिलांना काय पाव भरवणार आहेस? ऐक माझं. आपल्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव बिऱ्हाड करून असतात. आपण खातो, ते पचवायला मदत करतात. जागा बदलली, ऋतू पालटला, की त्यांच्यातलेही काही जातात, काही नवे येतात. तू हिवाळाभर पाव खाल्लास. फळं-किडे पचवणारे बिचारे उपाशी राहून निघून गेले. ते इथल्या मातीत आहेत, इथल्या फळांवर आहेत. थोडं थोडं खा, पण रोज खा. येतील परत."

साळुंकीने पंख मिटले. "मी इथून हलणार नाही," ती ठामपणे म्हणाली. त्या दिवशी तिने उंबराचा एकच घास खाल्ला, झाडाखालच्या मातीत चोच मारली आणि खाणे थांबवले. भुकेने जीव कासावीस होई. कावळा मुद्दाम समोर बसून पावाचा तुकडा मिटक्या मारत खाई. तिला त्याचा भयंकर राग येई, पण ती जागची हलली नाही. हळूहळू अर्धे उंबर पचू लागले, मग पुरे, मग एखादा किडाही. पंखांत बळ आले आणि ढोलीत निळीशार अंडी दिसली.

पावसाळ्यात पिले उडू लागली. उंबरे संपली होती आणि रानात जिकडेतिकडे किडेच किडे होते. पिले अधाशासारखी तुटून पडली. साळुंकी मात्र एकच नाकतोडा खाऊन थांबली.

"आई, एवढे आहेत, तू खात का नाहीस?" धाकटे पिल्लू म्हणाले.

"खाईन रे बाळा," साळुंकी हसून म्हणाली, "आधी आतली नवी मंडळी रुळू दे."

तात्पर्य : बदलत्या ऋतूशी जुळवून घ्यायचे तर नुसती हाव कामाची नाही; धीर धरून, रोज थोडे थोडे, नेटाने करावे लागते.