राणी पद्मरेखेचे तीन धाग्यांचे पांघरूण

एका राज्यात, जिथे डोंगर मुके होते पण पक्षी बोलत, अशी रीत होती की सिंहासनावर बसणाऱ्याला क्रोशाची सुई चालवता आलीच पाहिजे. तलवार सेनापतीची, लेखणी प्रधानाची, सुई मात्र राजाची. राज्याभिषेकाच्या दिवशी नवा राजा वा नवी राणी भर सभेत एक चौकोन विणी आणि तो चौकोन दरबाराच्या भिंतीवर चढे. त्याला म्हणत राजटाका. राजटाक्याला नमस्कार करायचा, हात लावायचा नाही, आणि पाणी तर त्याला दाखवायचेच नाही. राजाच्या हातचे विणकाम धुवायला काढणे म्हणजे त्याच्या हातावर शंका घेणे, असे तिथले लोक मानीत.

त्या काळी तिथे राणी पद्मरेखा राज्य करीत होती. तिचा टाका असा एकसारखा की त्यावरून मुंगी चालली तर तिचे पाऊल अडखळत नसे. हे राणीला ठाऊक होते, आणि ठाऊक आहे हे ती लपवीतही नसे. तिला एकुलती एक लेक होती, शाल्मली. रूपाने आईसारखी, हट्टानेही आईसारखी.

एके दिवशी शाल्मली उत्तरेच्या डोंगरातल्या गुहेत गेली. तिथे हिमकेतू नावाचा मांत्रिक एका खजिन्यावर बसून असे. त्याची पाठ वळली तेव्हा तिने ढिगातला एक चांदीचा गोठ उचलून मनगटात चढवला. गोठ चढला, पण उतरेना. तिच्या तळपायांना बर्फ धरला. घरी येईतो घोटे गेले, पलंगावर निजवीतो गुडघे गेले.

राणी घोड्यावर बसली आणि थेट गुहेपाशी गेली. गुहेच्या तोंडाशी उकळत्या पाण्याचे एक कुंड होते. त्याच्या वाफेत हात शेकत हिमकेतू बसला होता, तरी त्याचे दात वाजत होते.

"गोठ परत घे," राणी म्हणाली.

"परत घेता आला असता तर मीच हा खजिना कधीचा कुणाच्या गळ्यात घातला असता," हिमकेतू म्हणाला. "यातले जो उचलेल त्याला गारठा धरतो. मलाही त्यानेच धरले आहे. मंत्र येतो म्हणून जिवंत आहे एवढेच."

"उतारा सांग."

"चौकोनांचे पांघरूण. विणणाऱ्याने स्वतःच्या हाताने विणलेले. आधी या कुंडात बुडवायचे. चारी कोपरे जसे आत गेले तसेच बाहेर आले पाहिजेत, कारण कडेला तसूभर फट राहिली तरी गारठा तिथून शिरतो. मग ते पोरीवर घालायचे. तीन वेळा करून पाहता येते. तिसऱ्यांदा चुकले की बर्फ गळ्यावरून जातो."

"मला एकदाच पुरे," राणी म्हणाली.

राणीने जरीचा धागा काढवला. राणीच्या लेकीला राणीला शोभेलसेच पांघरूण हवे. सोन्याचे चौकोन सोन्यानेच जोडले. ते उन्हात धरले तर बघणाऱ्याने डोळे मिटावेत. कुंडात बुडवले, बाहेर काढले. कोपरे जागच्या जागी, एक केसभर इकडे की तिकडे नाही. राणीने हिमकेतूकडे पाहिले. तो वाफेत हात शेकत राहिला.

ते शाल्मलीच्या अंगावर घातले आणि बर्फ सरसर चढून कमरेपाशी आला.

"आईसाहेब," शाल्मली दात आवळून म्हणाली, "हे काढा. हे तर थंडीचेच सख्खे भावंड आहे."

राणीने ते ओढून काढले. खिडकीच्या गजावर एक सुगरण पक्षीण बसली होती. ती म्हणाली, "कोपरे छान होते हो."

"तू कोण बोलणारी?"

"मी नाकारणारी. घरटे विणतो तो माझा नवरा. मी आत शिरते, पाय रोवते, गदागदा हलवते आणि नाही म्हणते. आमच्या बाभळीवर अर्धी घरटी लटकताहेत ना, ती सगळी माझ्या नकाराची. तुझ्या भिंतीवरचे चौकोन मात्र कुणी हलवून पाहिलेले दिसत नाहीत."

राणीला राग आला, पण रागापेक्षा लेक मोठी. "मग कशाचे विणू ते सांग," ती म्हणाली.

"हा गारठा एक नाही, तीन आहेत. वाऱ्याचा गारठा लोकर अडवते. पाण्याचा गारठा कापूस पिऊन टाकतो. दगडाचा गारठा रेशमावर ठरत नाही, घसरतो. तीन धागे आण."

राणी तीन धागे आणायला निघाली. पहिला होता ढगांवर चरणाऱ्या मेंढ्याकडे. तो म्हणाला, "माझ्यासारखी लोकर तू पाहिली आहेस का?" राणीने लोकर चिमटीत धरली, पीळ दिला, ओढून पाहिली आणि म्हणाली, "याहून मऊ पाहिली आहे. याहून उबदार नाही." मेंढ्याला खोटी स्तुती ओळखू येत असे. ही खरी निघाली म्हणून त्याने मान खाली केली आणि लोकर कापू दिली. दुसरा धागा होता कापसाच्या अशा शेतात की जिथली बोंडे दुपारी एकमेकांशी भांडत. राणीने त्यांचे भांडण तोडले आणि बोंडांनी आपण होऊन तोंडे उघडली. तिसरा होता तुतीच्या रानातल्या किड्यांकडे. त्यांनी काही मागितले नाही. ते इतकेच म्हणाले, "आमचा धागा ओला झाला की जड होतो. लोक हे विसरतात."

राणीही विसरली.

ती घरी आली आणि विणायला बसली. मधे लोकरीचे चौकोन, भोवती कापसाचे, कडेला रेशमाचे. सगळ्यांना एकच सुई, एकच नमुना: मधोमध चांदणी, भोवती उभ्या खांबांच्या ओळी. सगळे एका वितीचे. पक्षीण पलंगाच्या दांडीवर येऊन बसली.

"नमुन्याचा एकेक चौकोन धुऊन पाहिलास?" तिने विचारले.

प्रधानजी शेजारी उभे होते. ते घाईने म्हणाले, "राजटाका पाण्याला दाखवीत नसतात."

"कुंडात बुडवणारच आहेत की," पक्षीण म्हणाली.

"तो उतारा आहे. ते धुणे नव्हे."

"पाण्याला हे सांगून ठेवा म्हणजे झाले."

राणीने मान वर केली नाही. "माझा हात एकसारखा आहे," ती म्हणाली. "तो पाण्यात गेला म्हणून बदलत नाही."

आणि खरेच, हात बदलला नाही. धागे बदलले. कुंडातून पांघरूण बाहेर आले तेव्हा लोकरीचे चौकोन आटून तळहाताएवढे झाले होते. कापसाचे थोडे आवळले होते. रेशमाचे पाण्याच्या भाराने लोंबून लांबले होते. मध्यभाग चुरगळलेला, कड झालरीसारखी लोळणारी. हिमकेतूने एक कोपरा उचलून पाहिला. कोपरा दोन बोटांमधून ओघळला.

तरी ते लेकीवर घातले. मधे ऊब आली, इतकी की शाल्मलीच्या ओठांवर क्षणभर रंग चढला. मग लोळणाऱ्या कडेखालून गारठा आत शिरला आणि बर्फ छातीवर आला.

"मधे ऊन होते, आईसाहेब," शाल्मली म्हणाली. "खरेच होते." तिला आईचे मन राखायचे होते, आणि ते खरेही होते.

राणी दरबारात गेली. भिंतीवर आपला राजटाका होता. तिने खिळे उपटून तो उतरवला. प्रधानजींनी डोळ्यांवर हात ठेवले. राणीने घंगाळ मागवले आणि कढत पाण्यात तो चौकोन बुडवला, चोळला, पिळला. बाहेर आला तो एका बाजूने आखडलेला, वाटीसारखा वर आलेला. सगळी सभा बघत राहिली.

"कोपऱ्यांत टाके कमी पडले होते," राणी मोठ्याने म्हणाली. "ताणून भिंतीवर ठोकला म्हणून इतकी वर्षे सपाट दिसला. आता मला माझा हात कळला. कढत पाणी आणा. भरपूर आणा."

मग राजवाड्याच्या गच्चीवर कामाला सुरुवात झाली. पक्षीण कठड्यावर बसली. राणीने तिन्ही धाग्यांच्या लडी आधी कढत पाण्यात सोडल्या, जे आटायचे ते विणण्याआधीच आटू दिले, आणि सावलीत वाळत घातल्या. मग नमुने. लोकरीचा चौकोन जाड सुईने, सैल खांबांचा. धुतला, वाळवला, वितीला लावला. मोठा. कोपऱ्यांत टाके वाढवले तर कडेला झालर पडली. कमी केले तर वाटी झाली. उसवला, पुन्हा घातला. रेशमाला खांब चालेनात, ते उभे टाके ओले झाले की मान टाकीत. मग बारीक सुई घेतली आणि आखूड, घट्ट मुके खांब घातले. तेव्हा रेशीम स्वतःच्या पायावर उभे राहिले. कापसाला अर्धा खांब मानवला. चांदणीच्या मधोमध असलेल्या भोकातून वारा येत होता, म्हणून चांदणीच काढून टाकली.

"चांदणी तर तुझी खूण होती," पक्षीण म्हणाली.

"खूण माझी, थंडी लेकीची," राणी म्हणाली. "हा बघ."

पक्षिणीने चौकोनात पाय रोवले आणि गदागदा हलवले. "नाही," ती म्हणाली.

"का?"

"उलटी बाजू बघ. टोक सुटते आहे."

राणीने टोक आत ओवले. पक्षिणीने पुन्हा हलवले. बराच वेळ हलवले. मग काही न बोलता दुसऱ्या चौकोनावर गेली. राणीला कळले की हा होकार आहे.

खाली शाल्मलीच्या अंगावर बर्फ खांद्यांपर्यंत आला होता. तिन्ही नमुने एका मापाचे झाले, धुतल्यावरही एका मापाचे राहिले. तेव्हा राणीने ते तीन चौकोन कापसाच्या धाग्याने एकमेकांना जोडले आणि ती जोडणी धुऊन दोरीवर टाकली. कारण एकटा चौकोन शहाण्यासारखा वागतो, आणि शेजारी आला की कसा वागेल हे शेजारी आल्यावरच कळते. ऊन मंद होते. जोडणी ओली होती. राणी गच्चीवर उभी, मग जिन्यात, मग लेकीपाशी.

"वाळले?" शाल्मलीने विचारले. तिचा आवाज आता तुटक येत होता.

"नाही. ओले असताना माप खोटे लागते. पण तुला इतका वेळ नाही, पोरी. मी विणायला बसते. अंदाजाने बसते."

शाल्मलीला मान हलवता येईना. तिने डोळ्यांनीच नकार दिला. "मागच्या खेपेस अंदाजच होता, आईसाहेब," ती म्हणाली. "वाळू द्या."

राणी परत गच्चीवर गेली आणि दोरीपाशी उभी राहिली. आयुष्यात तिने कशाची वाट पाहिली नव्हती. वारा आला, गेला, आला. तिने जोडणीला बोट लावले. ओली. पुन्हा लावले. दमट. पुन्हा लावले तेव्हा ती कोरडी होती. तिने वीत लावली. तिन्ही चौकोन वितीला वीत, शिवणीला कुठे ओढ नाही, कुठे ढील नाही.

मग राणी विणायला बसली. त्या दिवशी तिची सुई बघायला राज्यातली माणसे जिन्यातून वर येऊन उभी राहिली आणि कुणी खोकलेसुद्धा नाही. तिला कुठे मोजावे लागत नव्हते, कुठे थांबावे लागत नव्हते. माप धाग्याला ठाऊक होते, धागा हाताला ठाऊक होता. शेवटची शिवण आवळली तेव्हा बर्फ शाल्मलीच्या हनुवटीखाली होता.

पांघरूण कुंडात गेले. वाफ उठली, बुडबुडे आले. राणीने ते दोन्ही हातांनी बाहेर काढून खडकावर पसरले. चारी कोपरे चारी दिशांना, जसेच्या तसे. हिमकेतू गुडघ्यांवर बसून कडेकडेने फिरला. पक्षीण वरून उडत होती. "मी आधीच पाहिले आहे," ती म्हणाली. "उगीच वेळ घालवू नकोस."

कुंडाच्या उष्णतेने आणि घोड्याच्या दौडीच्या वाऱ्याने पांघरूण वाटेतच वाळले. राणीने ते लेकीवर घातले, चारी कडा गादीखाली दाबल्या आणि हात बाजूला घेतले. फट नव्हती. गारठा कडेकडेने फिरला, कोपऱ्याशी थांबला, पुन्हा फिरला. जायला वाट नाही म्हटल्यावर तो आतल्या आत विरू लागला. बर्फ हनुवटीखालून खांद्यावर उतरला, खांद्यावरून कमरेला, कमरेवरून तळपायांना. गोठ आपोआप उघडला आणि ठण्ण करून फरशीवर पडला.

शाल्मलीने डोळे उघडले. कपाळावरून एक थेंब ओघळून तिच्या कानामागे गेला.

"आईसाहेब," ती म्हणाली, "घाम येतो आहे."

राणीने तिच्या कपाळावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. "येऊ दे," ती म्हणाली.

गारठाच विरला, तशी त्याच घटकेला उत्तरेच्या गुहेत खजिन्यावरचा शाप सुटला. नाणी नुसती नाणी झाली, दागिने नुसते दागिने झाले. हिमकेतूचे दात वाजायचे थांबले. वाजायची सवय इतकी जुनी होती की त्या शांततेने तो दचकला. मग खजिना गाड्यांत भरून तो राजवाड्यावर आला.

"हे सगळे घे आणि ते पांघरूण मला दे," तो म्हणाला. "गारठा गेला. पण ऊब म्हणजे काय ते मी अजून पाहिलेले नाही."

"ते लेकीचे आहे," राणी म्हणाली. "विकायचे नाही. तुला हवे असेल तर विणायला शिकवते. बस खाली."

मांत्रिक खाली बसला. राणीने त्याच्या हातात सुई दिली. त्याने मंत्र न म्हणता पहिली साखळी घातली, मग दुसरी, आणि एक वेडावाकडा चौकोन तयार झाला. त्याने तो वर धरला. पक्षीण उतरली, तिने पाय रोवले, एकदाच हलवले.

"नाही," ती म्हणाली.

शाल्मली बाजूला हसत होती. तिने पांघरूण खांद्यावर टाकले आणि ती सज्जात गेली. खाली सारे नगर जमले होते. तिने ते कठड्यावरून सोडले, उलटी बाजू लोकांकडे करून, म्हणजे एकही टोक सुटलेले नाही हे सगळ्यांना दिसावे. राणी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, मान ताठ करून, आणि दोघींनी ते खाली घेतले नाही जोवर शेवटच्या माणसाने पाहून घेतले नाही.

विणले ते टिकले, धुतले ते ठरले, आणि सांगणाऱ्याने धागा इथे तोडला.