आवजी गवंड्याची फक्कीची खोली

दवाखान्याला नवी खोली जोडायची झाली, तर सांगा बरं, तुम्ही कोणाच्या शब्दावर विसंबाल? बांधणाऱ्याच्या, की तिथं जिला निजायचंय तिच्या?

फार वर्षं झाली. सावरगव्हाणच्या धर्मादाय दवाखान्यात तेव्हा एकच लांब खोली होती. तापाचे, खोकल्याचे सगळे बाप्ये तिथंच पडलेले, म्हणून बायका बाळंतपणाला तिकडं फिरकत नसत. आवजी गवंड्याची सून हौसा पहिल्या खेपेला घरीच अडली आणि मरता मरता वाचली. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते. तरी तिनं साफ सांगितलं, "त्या बाप्यांसमोर मी जायची नाही, मामंजी."

मग गावानं बाळंतिणींसाठी वेगळी खोली जोडायचं ठरवलं. आवजीनं जुन्या भिंतीलगत चुन्याची पांढरी फक्की टाकून आखणी केली आणि सुनेला म्हणाला, "चालून बघ, पोरी."

हौसा रेघांमधून चालली नि थबकली. "ह्या दारानं यायचं म्हणजे सगळ्यांच्या खाटा ओलांडूनच की."

आवजीनं पायानं रेघ पुसली आणि दार मागं, विहिरीच्या अंगाला नेलं. तेवढ्यात कोंडाबाई सुईण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवजीभाऊ, एवढ्याशा दारातून खाट कशी न्यायची? बाळंतिणीची घडी घालू का?"

आवजी हसला, त्यानं पुन्हा रेघ पुसून दार रुंद केलं. तोवर अख्खं गाव जमलं. कोणी खोटं खोटं कण्हत आत शिरे, कोणी पाणी तापवायच्या चुलीची जागा दाखवी. शेळ्यासुद्धा रेघ न तुडवता दारातूनच ये-जा करत, असं म्हणतात.

शेवटी हौसा आत जाऊन बसली. "आता कसं, आपलं वाटतंय," म्हणाली, आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या.

भिंत कुठली, अजून वीटही आली नव्हती. बायकांनी रेघेरेघेनं उभं राहून लुगड्यांचे आडपडदे धरले. डॉक्टर धावत आले ते सरळ रेघेवरूनच.

"मागच्या दारानं या," कोंडाबाईनं दटावलं.

डॉक्टर मुकाट्यानं वळसा घालून आले. इतक्यात वावटळ उठली, समोरच्या घराची कौलं उडाली, पण फक्कीचा कण हलला नाही, असं म्हणतात.

पाठमोऱ्या उभ्या आवजीला नातीचं रडणं ऐकू आलं. तो म्हणाला, "चला, राहायला माणूस आलं. आता भिंती बांधू."

अजूनही सावरगव्हाणात काही बांधायचं झालं, की आधी फक्की पडते. गावातली एखादी पोटुशी बाई रेघांमधून चालते आणि ती म्हणेल ती रेघ पुसतात. त्याला 'आवजीचं विचारणं' म्हणतात.

तुम्हीही कधी काही बांधाल. विटा-चुन्याचा हिशेब ठेवालच. पण कोणाच्या सांगण्यावरून किती रेघा पुसल्या, तेही मांडा बाबांनो, आणि खरं मांडा.