तिसरा पडदा

मंगळवार. सकाळचे सव्वादहा. मिरजेतलं दस्तगीर चाचांचं दुकान. खिडकी एक, खिडकीपुढे चौरंग एक, आणि चौरंगावर हौसाबाई.

"ती जागा तिला का, चाचा?"

हे विचारायचं नाही असं ठरवूनच जिनेंद्र घरून निघाला होता. उंबऱ्यात चप्पल काढेपर्यंतच तो निश्चय टिकला.

चाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला अकरा वर्षं झाली इथं."

"व्हय. अकरा."

"यांना पाच महिने."

"पाचच."

"मग?"

"मग चहा घे. निवतोय."

चाचांचे पूर्वज तलवारींना पाणी द्यायचे. तलवारी गेल्या, घराणं सतारीकडे वळलं. गेली पंचवीस वर्षं मात्र दुकानात सतारींपेक्षा इलेक्ट्रिक गिटारीच जास्त येत, आणि बहुतेक सगळ्या एकाच दुखण्यासाठी: पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात, हवे तर सरकवतात. गिटारीचे पडदे म्हणजे दांडीत आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. बावीस पडद्यांतला एक केसभर वर राहिला तरी तार खरखरते. टोक नीट घासलं नाही तर वाजवणाऱ्याचा तळवा सोलून निघतो.

ते घासायचं काम खिडकीपाशीच व्हायचं. चाचा म्हणत, बल्बच्या उजेडात पडद्याचा दोष लपतो, सूर्याच्या उजेडात नाही. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवाळीनंतर चौरंग दुसऱ्याला, असं त्यांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. ज्याचा चौरंग त्याचं दुकान, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

जिनेंद्र चौगुले इंजिनिअर होता. नोकरी सोडून इथं आला होता. सासरे अजून त्याला "गिटारवाला" म्हणून पाहुण्यांत हसत. त्याचं मनातल्या मनात चौरंगाला नवं कापड घालूनही झालं होतं.

आणि तिथं ही बाई बसली होती. सत्तावन्न वर्षांची, कपाळावर ठसठशीत कुंकू, गिटारीची एक तार कधी छेडलेली नाही. चाचा तिला स्वतःच्या कपातून चहा देत. तिला "अहो बाई" म्हणत. अकरा वर्षांत जिनेंद्रच्या वाट्याला "अरे"च आलं होतं.

आदल्या दिवशी त्याने तिची पडदे घासायची कानस लपवली होती. वॉर्निशच्या डब्यामागे. ती काही बोलली नव्हती. तुटक्या कानशीने तिने दिवसभर काम केलं होतं, आणि ते काम चांगलं झालं होतं. त्याला रात्री झोप लागली नव्हती ती त्यामुळे.

चाचांनी बशी खाली ठेवली.

"पुण्याच्या शौकिनानं तीन गिटारी धाडल्यात. एकाच कारखान्याच्या. म्हणतो, कुठली ठेवू? तू सांग. डोळं मिटून."

जिनेंद्रला बरं वाटलं. हा त्याचा प्रांत होता.

मिरजेबाहेरच्या माळावरचा तो गिटारींचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण त्याच्या मालाला शौकिनांत मोठा भाव. ही मंडळी गिटारीची सालं अशी सांगतात, जशी काही ती झाडाला पिकतात. अमक्या सालचा माल म्हणजे अमृत, तमक्या सालचा म्हणजे भंगार. जिनेंद्रकडे तर वही होती. त्या कारखान्याच्या चारशेवर गिटारी त्याने उघडल्या होत्या. दांडीच्या बुडाशी तारखेचा शिक्का असे. तारीख, पडद्यांची उंची, टोकांची अवस्था... सगळं त्याने लिहून ठेवलं होतं.

त्याने डोळे मिटून पहिल्या दांडीवरून तळवा फिरवला.

"सत्त्याऐंशीच्या आसपास. लोण्यासारखी आहे. हा त्यांचा चांगला काळ."

दुसरी.

"ही दोन हजारनंतरची. मशीन आलं तेव्हाची. बिनचूक... आणि बेचव."

तिसरीवर त्याचा हात थबकला. टोकं बोचत होती.

"चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. सगळ्यात वाईट काळ. परत पाठवा."

"तिन्ही बरोबर. शौकिनानं हीच सालं कळवलीत," चाचा म्हणाले.

जिनेंद्रने डोळे उघडले आणि खिडकीकडे पाहिलं. हौसाबाई खाली मान घालून घासत होती.

"चौऱ्याण्णवला काय झालं?" चाचांनी विचारलं.

"दर्जा घसरला."

"आपला आपण?"

"म्हणजे?"

"दर्जा काय लहान लेकरू हाय, जिन्यावरनं घसराया? कुणी ढकलला?"

जिनेंद्रने मनात वही चाळली. वहीत तसा रकानाच नव्हता.

"अहो बाई," चाचा म्हणाले, "तुम्ही सांगा ह्या इंजिनिअरला."

हौसाबाईने कानस थांबवली नाही. बोलता बोलता ती घासत राहिली.

"आधी एका बाईला दिसाला दोन दांड्या. चौऱ्याण्णवच्या पाडव्यापासनं वीस केल्या. कानस चौघींत एक. घासून व्हायच्या आत पुढली दांडी पुढ्यात पडायची."

"तुम्ही त्या कारखान्यात होता?" जिनेंद्रने विचारलं.

"अठरा वर्सं."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कवा?" चाचा म्हणाले. "कानस म्हणत्यात तिला. तिच्यात कान हाय, अरे. अकरा वर्सं नुसतं घासलंस व्हय?"

जिनेंद्र चिडला. चिडला की त्याला वहीच आठवे.

"म्हणजे ही बोचरी टोकं यांचीच की! आणि यांना तुम्ही खिडकीत बसवता? मला सांगा, या गिटारीत एक तरी पडदा धड आहे का?"

"हाय," हौसाबाई म्हणाली. "एक माझा हाय."

तिची कानस आता थांबली होती.

"बावीस धड करायला येळ न्हवता. सगळंच वाईट करायचं जिवावर यायचं. मग आम्ही बायांनी वाटून घेतलं. दांडी हातोहात फिरायची; तिच्यात हरएकीनं एकच पडदा करायचा, पण असा करायचा की कुणी नाव ठेवू नये. बाकीचं व्हतील तसं. मी सातवा करायची."



सातवा. त्या वाईट काळातल्या कितीतरी दांड्यांवर सातवा पडदा साफ असे. पाठ गोल, टोक मोत्यासारखं. वहीत जिनेंद्रने त्याला "अपवाद" म्हटलं होतं. वहीत नसलेली गोष्ट अशी, की सहा वर्षं तो गुपचूप त्या सातव्या पडद्याची नक्कल करत होता. घरी, दार लावून. त्याला ते टोक साधलं नव्हतं. तो हात कुणाचा, या विचाराने त्याचा जळफळाट होई. जपानी कारागीर असेल असं त्याने ठरवून टाकलं होतं. जपानी माणसापुढे हरायला फारशी लाज वाटत नाही.

आता तो हात चार फुटांवर होता. हिरव्या बांगड्या घातलेला.



"कशावरून?" तो म्हणाला. "सातवा मी केला, असं कुणीही म्हणेल."

हौसाबाई चौरंगावरून उठली. तिसरी गिटार घेऊन तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"मग नगा मानू. पर तिसरा बगा."

त्याने तिसऱ्या पडद्यावर अंगठा ठेवला. सातव्यासारखाच साफ. त्याला आठवलं, असा तिसराही त्याने वहीत नोंदवला होता. पुष्कळ दांड्यांवर.

"तो मालनचा," ती म्हणाली. "माझ्या शेजारी बसायची."

"अरे, उजेडात बस," चाचा म्हणाले. "तिथनं काय दिसतंय?"

जिनेंद्र उठला. चौरंग रिकामा होता. तो बसला. अकरा वर्षं वाट पाहिलेली जागा. बसल्यावर त्याला काहीच वाटलं नाही, कारण तो तिसऱ्या पडद्याकडे पाहत होता.

कानशीचे बारीक ओरखडे तिरपे होते. पण उलट्या बाजूला तिरपे. सातव्याचे उजवीकडे कललेले, याचे डावीकडे.

"ही बाई..." त्याने सावकाश विचारलं, "डावखुरी होती?"

हौसाबाईने तोंडाला पदर लावला.

"आम्ही तिला डावरी म्हणायचो. सुपरवायझर बोटावर पट्टी मारायचा, तरी सुटली न्हाई तिची खोड... तुमास्नी कसं कळलं?"

"पडद्यावर आहे."

गल्लीत कुणीतरी सतार जुळवत होतं.

"दांडी सोड," चाचा म्हणाले. "शिक्का बघ."

जिनेंद्र पेचकस शोधू लागला.

"डब्याच्या मागं बगा, दादा," हौसाबाई म्हणाली. "माझी कानस बी तितंच हाय."

त्याचे कान तापले. त्याने डब्यामागून दोन्ही काढलं. कानस तिच्या हातात दिली. ती तिने नुसती पदराला पुसली.

चार स्क्रू. दांडी सुटली. बुडाशी निळा शिक्का.

"नऊ फेब्रुवारी पंच्याण्णव," जिनेंद्रने वाचलं.

हौसाबाई शिक्क्यावर वाकली.

"परत वाचा."

"नऊ. दोन. पंच्याण्णव."

"नऊच? त्या दिशीचीच दांडी?"

"स्पष्ट आहे, बाई. का, काय झालं?"

ती चाचांकडे पाहत राहिली. चाचांनी मान हलवली. तिची गोष्ट त्यांना ठाऊक असावी, शिक्का सोडून.

"नऊ तारखेला पॉलिशच्या खोलीला आग लागली," ती म्हणाली. "सांजच्याला. माल चोरीला जातो म्हणून दाराला भाईरनं कडी आसायची. आत एक बाई जळाल्याली गावली. वळखू येत न्हवती. दुपारनंतर मालनला तितं धाडल्यालं मी ह्या डोळ्यांनी बघितलं. सांगितलं मी. सगळ्यांना सांगितलं. त्यांनी हजेरीबुक दाखवलं. चार तारखेनंतर तिचं नाव न्हाई. काम सोडून गेली, म्हणाले. पळून गेली कुणाबरोबर तरी."

"आणि ती सापडलेली बाई?"

"अनोळखी. तसंच लिवलं कागदावर. तिसऱ्या दिशी कारखाना सुरू." तिने कानस दोन्ही हातांत धरली होती. "मालनची आई अजून हाय. पंच्याऐंशीची. पळालेलीची आई म्हणत्यात तिला गावात."

जिनेंद्रने शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हा शिक्का कधी मारायचे? पडदे ठोकायच्या आधी, की नंतर?"

"आधी. कोरी दांडी आली की त्याच सकाळी शिक्का. मग पडदं. मग घासायचं."

"त्याच सकाळी? नक्की?"

"अठरा वर्सं बगितलं, दादा."

जिनेंद्रने वही उघडली. फेब्रुवारी पंच्याण्णव त्याला सापडला.

"सहा तारखेची एक दांडी आहे," तो वाचू लागला. "तिसरा साफ. आठ तारखेच्या दोन. दोन्हींत तिसरा साफ. ही आजची, नऊची... साफ. मग बारा तारखेची. तिसरा बोचरा. तेरा, बोचरा. पुढे..."

तो पानं उलटत राहिला. मार्च. जून. शहाण्णव.

"पुढे एकाही दांडीत तिसरा साफ नाही, मावशी."

मावशी हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. त्याच्या ते लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

"त्या पानावर वर काय लिवलंस?" चाचांनी विचारलं. "मला दिसत न्हाई."

जिनेंद्रने पानावर तळवा ठेवला.

"वाच की."

त्याचंच अक्षर होतं. सुबक, खाली दोनदा रेघ मारलेलं.

"'फेब्रुवारी पंच्याण्णवपासून दर्जा आणखी घसरला.'"

खिडकीतलं ऊन वहीवरून सरकून दांडीवर आलं. तिसऱ्या पडद्याचं टोक तेवढं चमकलं.

जिनेंद्र चौरंगावरून उठला आणि बाजूला सरकला. हौसाबाईने तिकडे वळून पाहिलंही नाही. चौरंग तसाच रिकामा राहिला.

चाचांनी चाचपडत हात पुढे केला. जिनेंद्रच्या खिशातलं पेन काढून त्यांनी ते त्याच्याच बोटांत दिलं.

"रेघ मार त्याच्यावर. आन् त्याच्या खाली लिही. नाव घालून लिही, पत्ता घालून लिही, हजेरीबुक ठेवणाऱ्याला वाचता यील आशा अक्षरात लिही... चार तारखेला पळून गेलेल्या बाईनं नऊ तारखेचा पडदा कसा घासला?"