पैलवान चिचुंद्री आणि आचारी गवा

फार पूर्वी, एका जंगलातल्या प्राण्यांना गोष्टीचा डाव खेळायचं वेड लागलं होतं. दुपार झाली की सगळे आंब्याखाली जमत. कासवआजोबा गोष्ट सांगत आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत. कोणाच्या माणसाला किती ताकद, हे डाव मांडतानाच ठरे. फोडलेले सहा चिंचोके टाकायचे. जितके पांढऱ्या बाजूनं पडतील तितकी ताकद.

त्या वर्षी चिचुंद्रीचे सहाच्या सहा पांढरे पडले आणि ती झाली पैलवान. गव्याचा एकच पडला. तो झाला आचारी. एरवी चिचुंद्री दिसली की सगळे नाक मुरडत. डावात मात्र "पैलवानबाई, पुढं व्हा" म्हणत. तेवढं ऐकायला ती सकाळपासून दुपारची वाट बघायची.

एके दिवशी गोष्टीतली मंडळी गुहेत शिरली आणि गुहेच्या तोंडावर शिळा पडली. बाहेर पडता आलं नाही तर डाव मोडणार होता, आणि मोडलेला डाव पुढच्या मोहोरापर्यंत मांडायचा नाही अशी रीत होती.

"मी उचलते," चिचुंद्री म्हणाली.

गवा फुरफुरला. "आजोबा, काहीतरीच काय? शिळा ही उचलणार, आणि मी मागं पळी धरून उभा? लहान्यांची ताकद निम्मी करा. जरा खऱ्यासारखं वाटू दे."

आजोबा भिडस्त. "बरं, निम्मी," ते पुटपुटले. पण शिळेला पाच लागत होते आणि चिचुंद्रीकडे उरले तीन. तिचं तोंड एवढंसं झालं. ती उठून निघालीच.

"थांब गं ताई," शेजारी बसलेली मुंगी म्हणाली. "खऱ्यासारखंच हवं ना गवादादा? मग नीटच होऊ दे." आपल्याहून कितीतरी जड असा ज्वारीचा दाणा तिनं उचलला आणि गव्याच्या नाकासमोरून फिरवून आणला. "आता तुम्ही दुसरा गवा उचला. एकच."

जवळच गव्याचा धाकटा भाऊ चरत होता. गव्यानं त्याच्या पोटाखाली डोकं घालून रेटून पाहिलं. भाऊ चरायचा थांबलासुद्धा नाही.

"म्हणजे खऱ्या मापानं दादांची ताकद शून्य," मुंगी म्हणाली.

शून्यवाल्याला डावात जागा नसे. गव्याचे कान खाली पडले. त्यालाही दुपारची तेवढीच ओढ होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

"चूक माझी," आजोबा म्हणाले. "मधेच नियम बदलायला नको होता. पैलवानबाई, आता तुम्हीच सांगा, काय करू?"

गव्याला डावातून बाहेर काढायची संधी आयती चालून आली होती. चिचुंद्रीनं त्याच्या पडलेल्या कानांकडे पाहिलं. "चिंचोके पडले तसेच राहू द्या," ती म्हणाली. "माझे सहा, त्यांचा एक."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गोष्टीत पैलवानबाईंनी शिळा उचलून धरली. "या आचारीबुवा, सावकाश या," त्या म्हणाल्या.

गवा बाहेर आला. जंगलात कोणीही अडकलं की सोडवायला गव्यालाच बोलवत. त्याला मात्र आजवर कोणी सोडवलं नव्हतं.

"फार बरं वाटलं," तो हळूच म्हणाला, आणि जेवायला काय करू ते सगळ्यांना विचारू लागला.

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून ठरवलेला नियम आपल्या अंगाच्या मापानं कापायला बसू नये, कापता कापता आपलंच अंग आधी उघडं पडतं.