कोंडाक्काचा सुटा धागा

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, तितरमाळावर कोंडाक्का नावाची धनगरीण राहायची. बाई काटकुळी, पण जिभेला अशी धार की तिच्या कळपातली मेंढरं कातरीनं नाही, तिच्या बोलण्यानंच भादरली जायची. असं म्हणतात. हसा, हसा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या सासवा तिच्याच वळणावर गेल्यात.

माळाच्या टोकाला गढी होती आणि गढीत सरकार. त्यांचं खरं नाव आज कुणालाच आठवत नाही, सगळे ‘तुरेवाले सरकार’च म्हणतात. त्यांचा दंडक असा, की रयतेनं निव्वळ काळं घोंगडं पांघरायचं. पट्टा गढीचा, पीस गढीचं, दुसऱ्या कुणी अंगावर घ्यायचं नाही. का? तर पगडीवरच्या तुऱ्याशिवाय सरकारांना कुणी ओळखायचंच नाही, म्हणून!

एकदा झालं काय, कोंडाक्काचा नवरा म्हाळाप्पा याला मेंढरं चारताना माळढोकाचं पीस सापडलं. भोळा माणूस. पीस पागोट्यात खोवून तसाच बाजारात गेला. सरकारांच्या शिपायांनी भर बाजारात त्याचं पागोटं उडवलं आणि पायानं धुळीत लोळवलं. त्या दिवसापासून म्हाळाप्पानं पागोटं बांधलं नाही, की मान वर केली नाही. मेंढरं मोजायची झाली तर पाय मोजायचा आणि चारानं भागायचा.

कोंडाक्कानं थोडे दिवस पाहिलं. मग म्हणाली, "डोस्क्यावरचं एक पीस सोसलं न्हाई व्हय त्यांना? आता अंगभर पिसं घालते तुमच्या."

ती सणगराकडे गेली. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा. पट्ट्याची शाल म्हणताच मागावर इकडून तिकडे फिरणारा त्याचा धोटा हातातच थांबला. "आक्का, माग जाळतील माझा. आन् तू म्हणशील मीच बसते, तर बाईनं मागाला शिवायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?"

"ऱ्हाऊ दे. तू मागाची आरती करत बस."

तिनं बांबूच्या दोन काड्या घासून गुळगुळीत केल्या. चातीवर काळी, पांढरी, भुरी लोकर कातली आणि मेंढरांमागं चालता चालता टाक्यात टाका अडकवत विणत सुटली. काळा पट्टा, पांढरा पट्टा, आणि दर पांढऱ्या पट्ट्यावर भुरं पीस. असं म्हणतात, ती पिसं इतकी हुबेहूब, की माळढोकाच्या माद्या शालीवर अंडी घालायला बघायच्या.

शाल झाली, पण म्हाळाप्पा घेईना. "माझी लाज एकदा गेली तेवढी पुरं झाली, कोंडे."

"मग मी पांघरते, तुम्ही मागनं चला. खालीच बघायचं असलं तर माझ्या टाचा बघा."

आणि गेली की बाजारात! सरकार घोड्यावर होते. शाल पाहून लाल झाले. "जाळा ती!" शिपायांनी शाल हिसकून पलिता लावला. पण लोकर ती. पेट घेतला नाही, नुसता असा वास सुटला की शिपाईच शिंकत पळाले. बाईवर हात टाकावा, तर सगळा बाजार बघतोय.

तेव्हा कोंडाक्कानं शाल उचलली आणि साखरेच्या आवाजात म्हणाली, "सरकार, ही मागावरची न्हाई. एक धागा वढला की सारी उसवती. हा घ्या."

सरकार खूश. घोड्यावरून उतरले, धागा धरला, ओढला. सर्रकन एक ओळ गेली. कोंडाक्का समोर फतकल मारून बसली आणि निघालेला धागा उचलून शालीच्या दुसऱ्या टोकाला विणायला लागली. सरकार उसवतात, ती विणते.

"वढा, सरकार, वढा! गढीत जेवाय घालत न्हाईत व्हय?"

बाजार खदखदला. सरकारांनी सोडावं तर हार, ओढावं तर शाल वाढतेय. असं म्हणतात, त्या दिवशी धागा संपेना आणि शाल थांबेना. ती बाजारभर पसरली. आधी भाजीवाली माळीण तिच्या कडेखाली शिरली, मग कुंभार, मग तो भित्रा सणगरसुद्धा. शिपायांनी धरावं कुणाला? अख्खा बाजार एकाच पट्ट्याखाली!

चिडून सरकारांनी असा हिसडा दिला की स्वतःच उताणे पडले, आणि पगडी गडगडत गेली तुऱ्यासकट धुळीत. बोडक्या सरकारांना त्यांचे शिपाईही ओळखेनात. "ए, बाजूला हो रं," म्हणत एकानं त्यांनाच ढकललं.

तेव्हा म्हाळाप्पा पुढं आला. पगडी उचलली, धूळ झटकली. मान ताठ केली, सरकारांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "घ्या, सरकार. पडलेल्या पगडीला पाय न्हाई, हात लावत्यात."

पुढं त्यानं मेंढरं डोकी मोजूनच मोजली.

कोंडाक्का मेली असं मात्र आमच्याकडे कुणी म्हणत नाही. ती विणत विणत माळापल्याड गेली म्हणतात. आभाळात पट्ट्यापट्ट्यांचे ढग दिसले की म्हाताऱ्या बोट दाखवतात, "बघा, आक्काचं अजून चाललंय."

आजही मेंढरं भादरून झाली की तितरमाळावर मोठी शाल विणतात. दर घरची एक ओळ, बाईची असो की बुवाची. शेवटचा टाका बंद करत नाहीत, धागा सुटाच ठेवतात. नवरदेव फेट्यात पीस खोवून त्या शालीवर उभा राहतो. आणि गावात कुणी बडा माणूस आला, आमदार येवो की जावई, हारतुऱ्याआधी त्याच्या हातात तो धागा देतात. "वढा, सरकार!"

शहाणा असतो तो टोपी काढतो, हात जोडतो आणि धागा परत देतो. एका फौजदारानं ओढला होता म्हणे. त्याची टोपी देवळात टांगलीय. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. जाताना स्वतःची तेवढी घट्ट धरा.